हिरामावशीचे डोळे

श्रावण लागला की आमच्या रोह्याच्या घरात माणसांना बसायला जागा राहत नाही. पडवीत गणपती, माजघरात गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक, आणि यंदा तर दोन टीव्हीच्या बाजूलाही. पेणजवळच्या जोह्याहून टेम्पो भरून कच्च्या मूर्ती येतात आणि मी शेजारच्या दोघी बायकांना घेऊन त्या रंगवते. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की दारातच उभा राहून विचारतो, "पाय कुठे ठेवू?" मी म्हणते, "ठेव माझ्या डोक्यावर." बिचारा अंग चोरून आत जातो आणि आपला चहा आपणच करून घेतो.

आधी अंगाचा रंग, मग सोवळं, मग शेला, मग दागिने. डोळे सगळ्यात शेवटी. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. आखणीच्या दिवशी मी कुणाशी बोलत नाही आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवून देते. बायका म्हणतात, ताई फार भाविक. कसली भाविक! श्वास रोखून रेघ ओढावी लागते, आणि तेवढ्यात कुणी "अगो, ऐकलंस का" म्हटलं की देव चकणा होतो. चकणा देव घरी कोण नेणार?

दरवर्षी पहिल्या मूर्तीचा पहिला डोळा काढायला बसले की मला यमुनाताई आठवते. तुम्ही तिला पेपरातून ओळखत असाल. बारीक कापलेले पांढरे केस, कपाळ मोकळं, फोटोत कधीच न हसणारी. तिची चित्रं मुंबई-दिल्लीला लागली, परदेशात गेली, कुठल्याशा मोठ्या विमानतळाच्या भिंतीवरही आहेत म्हणे. माणसाच्या दुप्पट उंचीच्या बायका काढते ती. डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली, चिखलात वाकून भाताची आवणी करणारी, मासळीच्या पाटीमागे पाय पसरून बसलेली. आमच्याकडे मात्र ती अजून हिरामावशीची यमू.

हिरामावशी आणि माझी आई एकाच मिठागरात कामाला. खाडीकाठचं गाव, घरं जवळजवळ. यमुनाताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिचं लहानपण मी फक्त ऐकलंय. शाळा सुटली की जोह्याच्या कारखान्यात जाऊन ब्रश धुवायची. कारखाना म्हणजे गणपतीचा, आमच्याकडे दुसरा कारखाना माहीतच नव्हता कुणाला. आता तो बाळूदादा चालवतो, तेव्हा त्याच्या वडिलांचा होता. डोळे काढणं पुरुषांचं काम, बायकांनी मूर्ती घासायची, फार तर सोवळं रंगवायचं. एका वर्षी म्हाताऱ्यांचा हात थरथरायला लागला आणि माल तर निघायचा होता. त्यांनी या पोरीला पाटावर बसवलं, म्हणाले, "काढ." तिने काढला. म्हाताऱ्यांनी मूर्ती फिरवून फिरवून पाहिली आणि आपला ब्रश तिच्या हातात दिला, तो परत घेतलाच नाही. पुढे मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जाईपर्यंत त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गणपतीने तिच्याच हातच्या डोळ्यांनी जग पाहिलंय.

मला आठवतो तो सीझन बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. लग्न होऊन मी रोह्याला आले होते, पण आषाढ सरता सरता पेणची गाडी पकडून माहेरी जायची आणि गणपतीपर्यंत बाळूदादाच्या कारखान्यात बसायची. तेव्हा मी शेडिंगवर होते. पोटाला, सोंडेला, गालांना गुलाबी फवारा मारायचा. घरी गेले तरी नखं गुलाबीच.

त्या वर्षी हिरामावशी आजारी पडली. पेणच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हृदय दमलंय, सणापर्यंत काढतील. मोठ्या हॉस्पिटलात न्यायची यमुनाताईची तयारी होती, पण मावशीने मानच हलवली. "मी मेली तं माज्या घरान मरन," म्हणाली. मग ताईच आली मुंबईहून, गणपती होईपर्यंत राहायला. येताना टेम्पोतून एक चित्र घेऊन आली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, दाराच्या चौकटीतून आडवं करून आत घ्यावं लागलं एवढं.

त्यात मिठाच्या ढिगाशी बसलेली हिरामावशी होती. दोन वर्षं खपून काढलेलं. काय सुंदर होतं! लुगड्याची कासोट्याची गाठ, मिठाने फुटलेल्या टाचा, बोटांची पेरं, सगळं जसंच्या तसं. बघून माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीला आम्ही दोघींनी धरून समोर बसवलं. तिने चित्राकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं.

"कोन गो ही?"

"आये, तू हायस."

"मी नाय." मावशी पुन्हा पुढे वाकली. "यो तं बालूचा गनपती. लुगरं नेसवलंस त्याला."

आम्ही खो खो हसलो. बाळूदादा तर खाली बसला हसता हसता. आणि हसू ओसरल्यावर मी चित्राकडे पाहिलं तर काय सांगू, खरंच! तेच लांबट डोळे, तीच वरच्या पापणीची झोकदार रेघ, तेच शांत, सगळ्यांवर कृपा करणारं बघणं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. यमुनाताई हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या प्रदर्शनांची जाडजूड पुस्तकं काढून आमच्या पडवीत पसरली. "बघ," म्हणाली, "ही बघ, ही बघ, ही बघ." कोळीण, आवणीवाली, वीटभट्टीवरची, सगळ्यांना गणपतीचे डोळे. पुस्तकांत मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं होतं, श्रम करणाऱ्या स्त्रीमधलं देवत्व या चित्रकर्तीने कसं हेरलं वगैरे. आम्ही ते अभिमानाने वाचायचो.

"अगो ताई, पण चांगलंच म्हटलंय ना सगळ्यांनी," मी म्हणाले.

"त्याचीच तर पंचाईत झाली. कुणी एकाने जरी शिव्या घातल्या असत्या तर मला कळलं असतं." आणि आपला उजवा हात पालथा करून बघत म्हणाली, "हात देवाचा झालाय माझा. माणसाचा डोळा काढायला घेतला तरी देवाचाच उतरतो. वीस वर्षं लोकांना वाटतंय मी बायका काढते. आणि माझ्या आईला एका नजरेत कळलं."

ही चूक आमच्या गणपती रंगवणाऱ्या लोकांकडूनच व्हायची, दुसऱ्या कुणाला ती जमणारही नाही. माझंही तेच आहे आता. मुलीला शाळेत ‘माझे कुटुंब’ असं चित्र हवं होतं, मी नवऱ्याचा चेहरा काढून दिला. बाईंनी शेरा लिहिला, ‘बाबा छान, पण मुकुट राहिला.’ नवऱ्याला आवडला तो शेरा. आपल्याला उकडीचे मोदक का नाहीत म्हणून आठवडाभर डोकं खाल्लं माझं.

ताईला मात्र त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मावशी जाण्याआधी तिचे डोळे मिळवायचे, एवढं एकच काम तिच्यापुढे उरलं होतं. मावशीचा फोटो म्हणावा तर एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात मावशी स्वतःलासुद्धा ओळखत नव्हती. सकाळी मावशीची आंघोळ-पेज झाली की ताई वही घेऊन तिच्यासमोर बसायची. पानामागून पान. बाहेर पाऊस, कौलांवरून पाण्याची धार, घरात अंधुक उजेड. मावशी कंटाळायची. "किती बगशील माज्याकरं? तुजीच नजर लागल मना."

ती पानं मी पाहिली आहेत. काही पानांवर गणपतीचे डोळे. तिने हात आवरून, मुद्दाम वाकड्या रेघा काढून गणपतीला हुसकावलं, तेव्हा एका आजारी म्हातारीचे डोळे उतरले, मोठे, पाणावलेले, कशाकडेही न बघणारे. समोर बसलेल्या मावशीचे तसेच होते तेव्हा. तरीही ताई ते पान फाडायची. एकदा वही खाली ठेवून म्हणाली, "हे हिचं दुखणं आहे गो, ही नाही. ही कशी बघायची तेच मला आठवत नाही. एवढी मोठी झाले मी हिच्या कुशीत, आणि आईचे डोळे आठवत नाहीत मला." मग तोंडावर पदर घ्यावा तशी वही तोंडावर घेऊन रडली. मी चहा टाकला.

त्यात बाळूदादाची अडचण उपटली. त्याचा आखणीचा कारागीर मोटारसायकलवरून पडून मनगट मोडून घरी बसला. ताई म्हणाली, दुपारी आईला झोप लागते, मी येते. आठ-दहा दिवस ती आली. खाडीकडच्या गावातून जोह्याला रिक्षाने, भिजत. तिला आखणी करताना बघणं हा त्या सीझनचा मला मिळालेला प्रसाद होता. शून्य नंबरचा ब्रश, डावा हात मूर्तीच्या कानामागे, एक श्वास आणि एक रेघ. कारखान्यातला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक करायचं. मूर्ती उगाच आपल्याकडे बघायला लागली असं वाटून मी एकदा पदर सारखा केला होता.

अकराव्या दिवशी तिने पाटावरचा ब्रश उचललाच नाही.

"बाळू, आजपासून मी नाही काढणार."

"अगो यमू, काय बोलतेस काय? अडीचशे मूर्ती आंधल्या बसल्यात माझ्या. चतुर्थी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

"दुपारी इथे अडीचशे देव काढायचे आणि सकाळी आई शोधायची, जमत नाही मला. रात्रभर हात तीच रेघ ओढतो. माझ्याकडे दिवस नाहीत रे." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला बसव."

"हिला? ही फवारावाली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताईने मला दंडाला धरून पाटावर बसवलं, तिचा हात माझ्या हातावर ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून एक डोळा काढला. दुसरा मी एकटीने. बाळूदादाने मूर्ती फिरवून पाहिली, तोंड वाकडं केलं, म्हणाला, "चालल." त्याच्या तोंडून ‘चालल’ म्हणजे फार झालं. तेव्हापासून आखणी माझ्याकडे आली ती आजतागायत. पण हे लिहिताना आजही वाटतं, त्या दिवशी ताईने मला जे दिलं ते ती स्वतःच्या अंगावरून उतरवून टाकू पाहत होती.

श्रावणातली उघडीप कारखान्यातल्या लोकांना विचारा. पंधरा दिवसांत कधीतरी एक सकाळ अशी येते की ढग बाजूला होतात आणि ऊन नुसतं कोसळतं. अशा वेळी कुणी जेवायलाही थांबत नाही. सगळा ओला माल बाहेर. त्या दिवशी बाळूदादाने नुकतेच पांढरा हात मारलेले गणपती अंगणात मांडले होते, फळ्यांवर, पत्र्यांवर, वाटेवर, विहिरीच्या कठड्यावर. तीनेकशे असतील. रंग चढायचा होता, दागिने चढायचे होते, नुसते पांढरेशुभ्र. त्यांच्यावर ऊन पडलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

त्याच सकाळी ताई मावशीला पेणला डॉक्टरांकडे नेऊन परत येत होती. रस्त्यात बाळूदादाचा कारखाना. मावशी म्हणाली, मना उतरव, बालूचे गनपती बगून जातंय. ताई म्हणत होती, नको, ऊन आहे. पण मावशी हट्टाला पेटली की कुणाचं ऐकणारी नव्हती. रिक्षा थांबली. आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची आणून अंगणाच्या कडेला ठेवली आणि तिला बसवलं.

मावशीने समोर पाहिलं. आणि तिचा चेहराच बदलला. भुवया खाली आल्या, गाल वर चढले, डोळ्यांच्या नुसत्या दोन फटी राहिल्या. त्या फटींच्या आत काहीतरी काळंभोर, तिखट, जागं. घरात तिच्या डोळ्यांच्या कडांना मी पांढऱ्या बारीक रेघा पाहिल्या होत्या, वयाच्या असतील असं धरून चालले होते. आता त्या सगळ्या सुरकुत्यांत मिटून गेल्या. तेव्हा कळलं, आयुष्यभर उन्हात डोळे आवळले होते बाईने, आणि त्या घड्यांच्या आत ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिचा उजवा हात आपोआप कपाळाशी गेला. समोर गणपती होते हे ती विसरलीच असावी.

"काय पीक आयलंय गो यंदा," ती म्हणाली.

मीठ. मिठागरात दुपारी बारा वाजता पांढऱ्या ढिगांवर ऊन कसं असतं ते मला माहीत होतं, आईला डबा द्यायला जायची मी. तिथे डोळे उघडे ठेवून कुणाला बघताच येत नाही. हिरामावशी पहाटेच्या अंधारात घर सोडायची, दिवेलागणीला परत यायची. ताईने तिला उजेडात पाहिलं असेल ते फक्त तिथे, त्या झळाळीत, डोळे आवळलेली. आई उघड्या डोळ्यांनी कशी दिसते हे तिला आठवत नव्हतं, कारण तसं तिने ते कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. आणि ती मात्र इतकी वर्षं उघडे डोळे शोधत बसली होती.

मी वळून पाहिलं तर यमुनाताई ओल्या जमिनीवरच बसली होती. वही रिक्षात राहिली होती. तिने बाळूदादाचा ऑर्डरचा पुठ्ठा ओढला, कोळशाचा तुकडा कुठून मिळवला देव जाणे, आणि काढायला लागली. बाळूदादा "अगो तो माझा पुठ्ठा" म्हणाला आणि बाजूला सरकला. फार वेळ नाही, मावशीला ऊन सोसवेना तोवरच. मग आम्ही तिला सावलीत आणलं, पाणी दिलं, आणि तिचे डोळे पुन्हा मोठे झाले, घरातल्यासारखे. ताई मात्र तिथेच बसून होती. तिच्या मांडीवरच्या पुठ्ठ्यावर दोन फटी होत्या आणि भोवती सुरकुत्या. एकही रेघ झोकदार नव्हती.

त्यानंतर ती कारखान्यात फिरकली नाही. मोठ्या चित्रातले गणपतीचे डोळे तिने पात्याने खरवडून काढले. मी संध्याकाळी जायची तेव्हा ती घराच्या मागच्या खोलीत चित्रासमोर उभी असायची, जेवायला बोलावलं तर "हो" म्हणायची आणि यायची नाही. तिकडे मावशीचं बोलणं कमी होत चाललं होतं. पेजेचे दोन घोट घेतले तरी आम्हाला बरं वाटायचं. ताईला चित्र पुरं करण्याची घाई होती, पण त्याहून भीती होती ती ते आईला दाखवण्याची. आई पुन्हा ‘मी नाय’ म्हणाली तर? हे तिने मला बोलूनही दाखवलं. "पेपरवाले काय म्हणतील ते म्हणोत गो. हिने ओळखलं नाही तर मी आजवर काय काढलं?"

गणपती आले. गौरी आल्या. गौरी जेवतात त्या दिवशी दुपारी ताईने मला आणि बाळूदादाला बोलावून घेतलं. चित्र मागच्या खोलीतून आणायला माणसं हवी होती. रंग अजून ओला होता. "कडेनेच धरा, आत बोट लावाल तर याद राखा," असं तिने आम्हाला चार वेळा बजावलं. आम्ही ते धरून, दमानं, मावशीच्या खाटेसमोर उभं केलं. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

मावशी उशीला टेकून बसली होती. तिने पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते, मला चित्राकडे बघायचा धीर नव्हता. मग तिचे ओठ हलले.

"ही मी नाय."

खिडकीशी पाठमोऱ्या ताईने गज घट्ट धरलेला मला दिसला. बाळूदादा चुळबुळला, म्हणाला, "अगो मावशी, नीट बग, तूच हायस."

"मी नाय रे." मावशीचा आवाज एवढासा झाला होता. "माजी आय."

आम्हाला काही कळेना. आणि मग सगळं कळलं. मिठागरात कुणी आरसा नेत नाही. मिठाकडे बघताना आपण कसे दिसतो ते मावशीने जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. तिने पाहिलेला तो चेहरा दुसऱ्या बाईचा होता. ती लहान असताना त्याच वाफ्यांत तिच्यासमोर उभी असलेली, डोळे आवळून तिच्याकडे बघणारी. तिलाच ती ओळखत होती.

ताई वळली. मावशीने खाटेवरून पाय खाली सोडले होते, दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या आधाराशिवाय. चित्र एका हाताच्या अंतरावर होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, हात पुढे केला आणि त्या ओल्या कपाळावरचा घाम हळूहळू पुसायला लागली. रंग पदराला लागला, कपाळावर फराटा उठला. मी ओरडणार होते. बाळूदादाने चित्र मागे ओढायला हात घट्ट केले.

"किती उनान बसशील गो आये," मावशी म्हणत होती. "चल. घरान चल."

यमुनाताईने बाळूदादाच्या मनगटावर हात ठेवला आणि आईला पुसू दिलं.